जुन्या पोस्टची डागडुजी

ब्लॉग सुरू करायला काहीच लागत नाही. ईमेलचं खातं असलं की पाच मिनिटांत पत्ता मिळतो, एक थीम निवडायची, वर धुक्यातल्या डोंगराचा फोटो लावायचा, नावात 'भटकंती', 'पाऊलवाट' किंवा 'मुसाफिर' यातलं काहीतरी घालायचं आणि झालं. माझ्याही ब्लॉगच्या नावात यातला एक शब्द आहे, हसू नका. पहिल्या चार-पाच पोस्ट तर लिहाव्या लागतच नाहीत, डोक्यात इतकी वर्षं साठलेलं असतं ते नुसतं ओतायचं असतं. त्यानंतर मात्र खरी गंमत सुरू होते.

एका मैत्रिणीने मागच्या महिन्यात विचारलं की तिलाही ब्लॉग काढायचाय तर काय काय लक्षात ठेवू. तिला फोनवर जे सांगितलं ते फारच विस्कळीत होतं (लोकलमधे होते, कसारा फास्ट, गर्दी) म्हणून इथे जरा नीट लिहितेय. एक आधीच सांगते, मी फक्त गडकिल्ले आणि घाटवाटा यावर लिहिते, त्यामुळे खाण्यापिण्याचे किंवा कवितांचे ब्लॉग कसे चालवायचे यातलं मला काही कळत नाही. पण माझ्यापुरतं जे कळलंय ते हे की लिहिणं हे या सगळ्यातलं छोटं काम आहे, लिहिलेलं सांभाळणं हे मोठं काम. आणि सुरू करताना हे कुणी सांगत नाही, सगळे सांगतात 'सातत्य ठेवा', 'फोटो चांगले टाका', 'हेडिंग आकर्षक ठेवा'. लोणच्यासारखं एकदा घातलं की वर्षभर निर्धास्त असं इथे नसतं (आई म्हणेल लोणचंही मधून मधून हलवावं लागतं, तर तेही खरं).

आधी लोक वाचतात काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. हरिश्चंद्रगडावर मी लिहिलं तेव्हा कोकणकड्यावरच्या संध्याकाळीचं वर्णन करायला फार मेहनत घेतली होती, ढग खालून कसे वर येतात, वारा कसा अंगावर येतो, सगळं. त्या पोस्टवर आजपर्यंत ज्या ज्या लोकांनी काही विचारलंय त्यातल्या एकानेही त्या परिच्छेदाचा उल्लेख केलेला नाही. विचारतात काय, तर कल्याणहून माळशेजकडे जाणारी एसटी खुबी फाट्याला थांबते का, तिथून धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वरला चालत किती वेळ लागतो, टोलार खिंडीनंतरचा कातळाचा टप्पा पावसात लहान मुलांना झेपेल का, आणि पाचनईकडून सोपं पडतं हे खरं का. म्हणजे लोकांना 'जायचं कसं' हवं असतं. सुरवातीला याचं जरा वाईट वाटायचं, आता नाही वाटत, कारण मी स्वतः दुसऱ्यांचे ब्लॉग उघडते तेव्हा मीपण थेट खाली स्क्रोल करून 'पाण्याची सोय' शोधते. वर्णन मी अजूनही लिहिते, ते मला आवडतं म्हणून, पण उपयोगाची माहिती आता वर घेते आणि सूर्यास्त खाली. ज्याला वाचायचाय तो वाचेल.

आणि ती कर्नल साइक्सची ओळ. या इंग्रज अधिकाऱ्याला कोकणकड्यावरून इंद्रवज्र (म्हणजे गोल इंद्रधनुष्य) दिसलं ही ओळ हरिश्चंद्रगडावरच्या मी पाहिलेल्या जवळपास प्रत्येक मराठी पोस्टमधे आहे, बहुतेक वेळा त्याच शब्दांत आणि त्याच क्रमाने. माझ्याकडेही आहे. यापुढे कुणी ही ओळ न घालता हरिश्चंद्रगडावर लिहिलं तर मी त्याला स्वखर्चाने पाचनईत भाकरी खाऊ घालीन. पण गंमत सोडा, आपण सगळे एकमेकांचं बघून लिहितो आणि त्यातून आकडे बिघडत जातात. कळसूबाई १६४६ मीटर म्हणजे साधारण ५४०० फूट, इथवर सगळे एकमत असतात कारण शाळेत पाठ केलेलं असतं. बाकी किल्ल्यांच्या बाबतीत कुणीतरी फूट म्हणून मीटर लिहिलेले असतात, कुणी समुद्रसपाटीपासूनची उंची देतो आणि कुणी पायथ्याच्या गावापासूनची, आणि पुढचा कॉपी करणारा दोन्ही एकाच वाक्यात जोडून टाकतो. नकाशा उघडून खात्री करून घ्यायला दोन मिनिटं लागतात.

आता सांभाळण्याबद्दल. गडावरची माहिती नासते, आणि पटकन नासते. सगळ्यात आधी नासतं ते पाणी. 'गडावर टाक्यात पिण्याचं पाणी आहे' हे वाक्य डिसेंबरमधे लिहिलं तर खरं असतं, आणि तेच वाक्य वाचून एप्रिलच्या शेवटी कुणी एक बाटली घेऊन वर गेला तर त्याला तळाशी हिरवं डबकं भेटतं. त्यामुळे माझ्याकडे एक नियम आहे जो मी मोडत नाही, पाण्याच्या प्रत्येक वाक्याला महिना लावायचा. 'जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात टाकं अर्धं भरलेलं होतं, गाळून प्यायलो.' एवढं लिहिलं की वाचणारा स्वतः हिशोब करतो. 'बारमाही' हा शब्द तर मी गावातल्या माणसाने सांगितल्याशिवाय वापरतच नाही, आणि वापरला तरी 'गावकऱ्यांच्या म्हणण्यानुसार' असं पुढे लावते. वाचायला जरा सरकारी वाटतं, चालेल.

पाण्यानंतर एसटी. माझ्या जुन्या पोस्टमधे मुक्कामी गाड्यांचा भरपूर उल्लेख आहे कारण आमच्याकडे तेव्हा स्वतःची गाडी नव्हती आणि शनिवारी संध्याकाळी पायथ्याच्या गावात मुक्कामाला जाणारी लाल गाडी पकडायची, रात्री देवळात झोपायचं आणि रविवारी पहाटे चढायला सुरवात करायची ही पद्धत होती. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ हा एसटीचा संप झाला, त्याआधी करोना, आणि या सगळ्यानंतर आडगावच्या काही फेऱ्या सुरू झाल्या, काही नाही झाल्या, काहींच्या वेळा बदलल्या. आगारात फोन केला तर लागला तर लागतो. मग मी काय करते, तर वेळापत्रक देतच नाही. 'या गावाला अमुक आगारातून गाडी येते, वेळ आदल्या दिवशी स्टँडवर विचारून घ्या, नाही मिळाली तर फाट्यावरून वडाप (शेअर जीप) मिळतं' एवढंच. तिकिटाचे आकडे तर मी पूर्ण काढून टाकले. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, म्हणजे त्याच गाडीत माझं तिकीट एक आणि शेजारी बसलेल्या दादाचं दुसरं, आणि जुन्या पोस्टमधला आकडा दोघांच्याही कामाचा नाही.

गावांची-जिल्ह्यांची नावं पण बदलतात. पाचनई अकोले तालुक्यातलं, तो जिल्हा अहमदनगर होता तो २०२४ मधे अहिल्यानगर झाला. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. आता जुन्या पोस्टमधे काय करायचं? माझ्या एका मित्राने सगळीकडे एकदम बदली करून टाकली, फाइंड-रिप्लेस, आणि त्यात एका जुन्या ब्रिटिश गॅझेटिअरच्या नावातपण जिल्ह्याचं नवीन नाव घुसलं. १८८० च्या सुमाराच्या ग्रंथाचं नामांतर. मी नवीन नाव लिहिते आणि पहिल्यांदा येईल तिथे 'पूर्वीचा अमुक जिल्हा' असं जोडते, कारण लोक अजून जुन्या नावानेच शोधतात आणि काही वर्षं तरी शोधत राहतील.

एक जरा नाजूक विषय. ट्रेकच्या ब्लॉगवर पायथ्याच्या गावातल्या मामांचा किंवा मावशींचा मोबाईल नंबर द्यायची पद्धत आहे, 'जेवणाची सोय होईल, फोन करा'. ऐकायला छान आहे, त्यांना चार पैसे मिळतात, आपल्याला पिठलं-भाकरी. पण नंबर एकदा नेटवर गेला की तो आपल्या हातात राहत नाही. एका गावातल्या मामांनी मला सांगितलं की लोक रात्री साडेअकराला फोन करून विचारतात 'काका, वर धुकं आहे का?' आणि पन्नास जणांचं जेवण सांगून न येणारे वेगळेच. त्यांनी ते हसत सांगितलं पण मावशी काही हसत नव्हत्या. तेव्हापासून मी नंबर द्यायच्या आधी विचारते, आणि नुसतं 'देऊ का' असं नाही, तर 'नेटवर टाकते, कुणीही फोन करेल, कधीही करेल, चालेल का' असं पूर्ण सांगून. बरेच जण हो म्हणतात. काही जण मुलाचा नंबर द्या म्हणतात, मुलगा पुण्याला कंपनीत असतो, तो बुकिंग घेतो आणि आईला कळवतो, ही व्यवस्था तर मला फारच आवडली. आणि दर पावसाळ्याच्या सुरवातीला हे नंबर चालू आहेत का ते एकेक लावून बघते. कंटाळवाणं काम आहे. पण त्या निमित्ताने ख्यालीखुशाली कळते, पाऊस सुरू झाला का, लावणी कुठवर आली, वर जायच्या वाटेवर दरड वगैरे आली का, आणि हे सगळं मग पोस्टमधे जातं.

इर्शाळगडाबद्दल लिहायचं की नाही याचा मी बराच विचार केला. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली हे सगळ्यांना माहितीच आहे. चौकजवळच्या नानिवलीतून चढायला लागलं की गडाच्या खांद्यावर ही ठाकरवाडी लागायची, गाडीरस्ता नव्हता, सगळं पायी, आणि आमच्यासारखे जे कुणी गडावर जायचे ते वाडीत थांबून चहा घेऊनच पुढे जायचे. माझ्या पोस्टमधे त्या चहाचा उल्लेख होता, अंगणातल्या कोंबड्यांचा होता, आणि 'वाडीत जेवणाची सोय होते' असं वाक्य होतं, इतर सगळ्यांच्या पोस्टमधे असायचं तसंच. दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्हीवर वाडीचं नाव बघितलं आणि थोड्या वेळाने ब्लॉगचे आकडे बघितले तर एरवी महिनोन्महिने कुणी न उघडलेली ती पोस्ट लोक भराभर उघडत होते. नावाने शोधत येत होते.

त्या पोस्टचं काय करायचं हे मला दोन-तीन दिवस सुचत नव्हतं. काढून टाकावी असं एकदा वाटलं. पण मग लक्षात आलं की वाडी कशी होती, वाट कुठून जायची, घरं कुठल्या बाजूला होती, हे साध्या शब्दांत लिहिलेलं फारसं कुठे नाहीये, आणि ज्यांनी ती पाहिलीये त्यांनी ते पुसायला नको. दुसऱ्या बाजूला, 'जेवणाची सोय होते' हे वाक्य आहे तसं ठेवणंही बरोबर नव्हतं. शेवटी मी जुन्या मजकुराला हात लावला नाही, वर वेगळ्या चौकटीत दरडीची तारीख आणि काय झालं ते लिहिलं, हा लेख त्याआधीचा आहे हे लिहिलं, आणि इथे ट्रेकला म्हणून जाऊ नका हेही लिहिलं. फोटोंमधे माणसांचे चेहरे होते ते फोटो काढले. कुणी म्हणेल चेहरे तरी ठेवायचे होतेस. असेल. पण त्या घरातलं कुणी कधी ते बघेल तेव्हा त्याला काय वाटेल ते मला माहीत नाही आणि विचारायला जाण्याचा हक्क मला आहे असं वाटलं नाही. अजूनही काही ठिकाणी ते चहाजेवणाचं वाक्य मी तसंच पाहते, लिहिणाऱ्यांना कळवलं, काहींनी बदललं, काहींचे ब्लॉग इतकी वर्षं बंद आहेत की कळवायचं कुणाला.

आणि हाच मुद्दा आहे खरं तर. बंद पडलेला ब्लॉग नेटवरून जात नाही, तो बोलत राहतो. लिहिणाऱ्याने सोडून दिला तरी गूगल त्याला पहिल्या पानावर आणून ठेवतं कारण तो जुना आहे आणि त्याला लिंका आहेत.

तांत्रिक गोष्टी आता भराभर सांगते कारण त्या कंटाळवाण्या आहेत पण नंतर फार छळतात. ब्लॉगरवर मराठीत शीर्षक दिलं की लिंकमधे मराठी येतच नाही, नुसतं ब्लॉग-पोस्ट आणि पुढे आकडा असा पत्ता तयार होतो, त्यावरून कुणालाच काही कळत नाही. म्हणून प्रसिद्ध करायच्या आधी परमालिंकमधे जाऊन रोमन अक्षरांत किल्ल्याचं नाव घालायचं, आधीच, कारण पोस्ट बाहेर पडल्यावर ते बदलायचं म्हणजे पोस्ट परत मागे घ्यावी लागते आणि जुनी लिंक मरते ती मरतेच. वर्डप्रेसवर उलटी तऱ्हा, तिथे देवनागरी पत्ता चालतो पण आतून प्रत्येक अक्षराची, काना-मात्रेसकट, नऊ-नऊ चिन्हं होतात आणि दोनशेची मर्यादा आहे, म्हणजे साधारण बावीस अक्षरांनंतर तुमचं शीर्षक मधेच तोडलं जातं. व्हॉट्सॅपवर ती लिंक पाठवली की टक्क्यांच्या चिन्हांची आगगाडी दिसते आणि लोकांना वाटतं व्हायरस आहे. रोमन ठेवा.

दुसरं, 'ॲ'. हे अक्षर युनिकोडमधे २००८ मधे आलं, त्याआधी लोक अ ला चंद्र जोडून काम भागवायचे आणि काही कीबोर्ड अजून तेच करतात. डोळ्यांना दोन्ही जवळजवळ सारखंच दिसतं, शोधताना मात्र ती वेगळी अक्षरं धरली जाऊ शकतात. 'गड' आणि 'गढ' चं तर विचारूच नका. माझं म्हणणं एवढंच की आपल्या ब्लॉगपुरतं एक काहीतरी ठरवा आणि तेच वापरा, नाहीतर दोन वर्षांनी स्वतःचीच पोस्ट स्वतःला सापडत नाही.

तिसरं फोटो. फोटो दुसरीकडे ठेवून ब्लॉगवर नुसते दाखवायची पद्धत होती, फुकट जागा मिळायची म्हणून. त्या फुकट जागा एकेक करत संपल्या. पिकासाचे वेब अल्बम २०१६ मधे बंद झाले, फ्लिकरने २०१९ पासून फुकट खात्यांना १००० फोटोंची मर्यादा घातली. एक दिवस बघावं तर दरीच्या फोटोच्या जागी राखाडी चौकोन. तेव्हा मूळ फोटो घरच्या हार्डडिस्कवर, आणि अजून एका ठिकाणी, हे हवंच. ब्लॉगरमधून बॅकअपची फाईल उतरवता येते पण त्यात मजकूर येतो, फोटो येत नाहीत, फोटोंचे पत्ते येतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पत्त्यांवरून आठवलं, मधे ब्लॉगस्पॉटचे पत्ते भारतात डॉट-इन व्हायचे, तुम्ही मूळ लिंक उघडली तरी. तो डॉट-इनचा पत्ता २०२० मधे गूगलच्या ताब्यातून गेला आणि ज्यांनी ज्यांनी लेखांमधे तशा लिंका दिल्या होत्या त्या सगळ्या मेल्या. मूळ डॉट-कॉम चालू होतं, पण वाचणाऱ्याला काय माहीत.

मला खरा चटका लागला तो गूगल रीडर बंद झालं तेव्हा, १ जुलै २०१३. त्या आधी मराठी ब्लॉग वाचणारी एक चांगली मंडळी होती, सगळ्यांचे ब्लॉग एकाच जागी यायचे, कुणी तीन महिन्यांनी लिहिलं तरी ते समोर यायचंच. ते गेल्यावर लोक फेसबुकवर गेले आणि तिथे आज लिहिलेलं परवा सापडत नाही. बऱ्याच जणांनी ब्लॉग तेव्हाच सोडले, त्यांना दोष नाही देत, तिकडे लगेच दोनशे लाइक मिळतात आणि इकडे शुकशुकाट. पण फेसबुकच्या ग्रुपवर रतनगडावर रतनवाडीकडून जायची वाट कुणीतरी फार सुंदर लिहिली होती, मी वाचली होती हे मला नक्की आठवतंय, ती परत शोधायचा प्रयत्न करून बघा. म्हणून मी इथेच राहिले. शुकशुकाटाची सवय होते.

सातत्याबद्दल सगळे विचारतात तर तेही. 'दर रविवारी नवीन पोस्ट' हे मी जाहीर करत नाही, कुणीच करू नये असं माझं मत आहे. जाहीर केलं की मग रविवार भरायला म्हणून लिहिलं जातं आणि ते कळतं वाचणाऱ्याला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मधे निबंधमाला सुरू केली आणि १८८१ पर्यंत ८४ अंक काढले, जवळपास सगळा मजकूर एकहाती. दर महिन्याचा एक धरला तर सात वर्षं झाली. हे वाचल्यावर मला आधी स्फूर्ती आली आणि मग लगेच थकवा आला. ते शास्त्रीबुवा होते, आपल्याला सोमवारी ऑफिस असतं. माझं लिहिणं डोंगराच्या हंगामाने चालतं, पावसाळ्यात आणि थंडीत जास्त, मे महिन्यात काही नाही. मे महिन्यात जुन्या पोस्ट दुरुस्त करते. ही सवय लॉकडाऊनमधे लागली, मार्च २०२० नंतर किल्ले बंद, लोकल बंद, नवीन लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं, तर घरात बसून एकेक जुनी पोस्ट उघडून त्यातलं काय अजून खरं आहे ते तपासत बसले. ज्यांचा ब्लॉग 'नवीन काही नाही' म्हणून बंद पडतो त्यांना मी हेच सांगते की बाबांनो, जुनं आहे की भरपूर.

चोरीबद्दल थोडंसं. होते. आपलं लिखाण व्हॉट्सॅपवर आपल्यालाच येतं, खाली 'लेखक अज्ञात' किंवा 'साभार', आणि पाठवणारे असतात आपले सख्खे काका, वर 'छान लिहिलंय, वाच, तुला पण असं लिहिता येईल' असं प्रोत्साहनही. कायदा आपल्या बाजूने आहे, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिलं त्या क्षणी हक्क आपला, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. पण फॉरवर्डच्या मागे कुठे धावणार. व्यवस्थित चालणाऱ्या साइटने किंवा यूट्यूब चॅनेलने शब्दशः उचललं असेल तर मी शांतपणे मेल करते, तारखेसकट, आणि बहुतेक वेळा ते नाव देतात किंवा काढतात. भांडण जाहीरपणे करत नाही, त्यात आपलीच दोन संध्याकाळी जातात. मला राग कशाचा येतो तर चोरताना महिना गाळतात. पाण्याच्या वाक्यातला. 'जानेवारीत टाकं अर्धं भरलेलं होतं' चं 'टाकं पाण्याने भरलेलं असतं' होतं, आणि मग कुणीतरी मे महिन्यात वर जातो.

पैसे. मिळत नाहीत. पुढच्या मुद्द्यावर.

जागा सांगायची की नाही. यावर आमच्या ग्रुपमधे चहाच्या टपरीवर तासन्‌तास वाद होतो. एक बाजू म्हणते डोंगर काय आपल्या बापाचा आहे का, सगळ्यांना कळू दे. दुसरी बाजू हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांवरचे गर्दीचे व्हिडिओ दाखवते, त्या खड्या कातळकोरीव पायऱ्यांवर वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर अडकलेले. मी बराच काळ पहिल्या बाजूची होते आणि किल्ल्यांच्या बाबतीत अजून आहे, किल्ल्यावर माणसं गेली पाहिजेत, गेली तर किल्ला राहतो असं मला वाटतं. धबधब्यांबद्दल मात्र मत बदललं. जुलै २०२४ मधे माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी व्हिडिओ करताना एक मुलगी दरीत पडली आणि गेली. तशी ती पहिली नव्हती. पावसाळ्यात शेवाळलेल्या कड्याच्या टोकाशी कसं पोचायचं हे सविस्तर लिहिण्यात मला आता रस नाही, फोटो टाकते, जागा 'सह्याद्रीत कुठेतरी'. लोक चिडतात, शिष्ट म्हणतात. म्हणोत.

आता ताजं काम. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, अकरा आपल्याकडचे आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. आनंद झालाच, पण त्याच आठवड्यात राजगड, साल्हेर, खांदेरी या पोस्टवर एकदम गर्दी वाढली आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण यातल्या काही पोस्ट बऱ्याच जुन्या आहेत. राजगडची गुंजवणे आणि पाली अशा दोन्ही वाटांसाठी तपासून झालीये. खांदेरीला थळहून होडी मिळायची, आता नियम काय आहेत ते विचारून घेतेय, कळेपर्यंत त्या पोस्टवर 'माहिती जुनी आहे' अशी पट्टी लावलीये. राहिला साल्हेर, १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, आणि या तिघांत आमच्या डोंबिवलीहून सगळ्यात लांबचाही. तिथे माझं जाणं या थंडीपर्यंत काही होत नाही. तर या पावसाळ्यात कुणी जाऊन आलं असेल तर कृपया कळवा: सटाण्याहून ताहाराबाद-मुल्हेरमार्गे साल्हेरवाडीपर्यंत सध्या एसटी जाते का आणि शेवटची परत कधी निघते, वाघांबेच्या बाजूची वाट मोकळी आहे का, आणि वरच्या गुहेत रात्री राहू देतात का. ऐकीव नको. आणि हो, कुठल्या तारखेला गेला होतात ते लिहायला विसरू नका.